तुम्ही विचारलंत म्हणून : एवढा मोठा लॅपटॉप कशासाठी?

“ताई, एवढा मोठा लॅपटॉप कशाला घेतलात?” हा प्रश्न मला लेखक विचारतात, प्रकाशकांच्या कार्यालयातली मंडळी विचारतात आणि एसटीत शेजारी बसलेली अनोळखी माणसेही विचारतात. त्याच्या पाठोपाठ बहुधा दुसरा प्रश्न येतो : आमच्या मुलाला लॅपटॉप घ्यायचा आहे, तर असाच घ्यावा का? पहिल्या प्रश्नाचे उत्तर माझ्या कामात आहे आणि दुसऱ्याचे या यंत्राच्या खोडींत, म्हणून दोन्ही एकदाच नीट लिहून काढते.

मी साताऱ्यात राहते आणि मराठी पुस्तकांची पाने लावते. आपल्याकडे कथा, कादंबऱ्या, आत्मचरित्रे, लेखसंग्रह बहुतकरून डेमी आकारात छापले जातात, म्हणजे पान साडेपाच इंच रुंद आणि साडेआठ इंच उंच. पुस्तक उघडले की वाचकाला समोरासमोरची दोन पाने एकदम दिसतात, म्हणून पाने लावणाऱ्यालाही ती एकदमच दिसावी लागतात. दोन्ही पानांच्या शेवटच्या ओळी एका रेषेत आल्या आहेत की नाहीत, आधीच्या परिच्छेदाची उरलेली अर्धी ओळ पुढच्या पानाच्या डोक्यावर एकटीच लोंबकळते आहे का, पोटशीर्षक पानाच्या तळाशी जाऊन बसले आहे का, हे एकेक पान वरखाली सरकवून कळत नाही. आता माझ्या लॅपटॉपचा १७.३ इंची पडदा पट्टीने मोजला तर साधारण ३८.३ सेंटिमीटर रुंद आणि २१.५ सेंटिमीटर उंच भरतो, आणि साडेआठ इंच म्हणजेही २१.६ सेंटिमीटरच. म्हणजे मेनू आणि पट्ट्या लपवल्या की डेमीची दोन पाने जवळजवळ छापील आकारातच समोर येतात. १५.६ इंची पडद्याची उंची १९.४ सेंटिमीटर असते. तेथे हीच पाने नव्वद टक्क्यांवर आणावी लागतात आणि मेनू उघडे असतील तर त्याहूनही खाली. ऐकणाऱ्याला हा फरक किरकोळ वाटतो, पण दिवाळी अंकांच्या दिवसांत सकाळपासून रात्रीपर्यंत तेरा पॉइंटचा मजकूर ऐंशी टक्क्यांवर पाहणाऱ्या डोळ्यांना तो मुळीच किरकोळ वाटत नाही.

लॅपटॉपचा आकार सांगताना पडदा तिरका, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत मोजतात, आणि माझ्या मते ग्राहकाची निम्मी दिशाभूल तेथेच होते. हिशेबाचे तक्ते करणाऱ्याला रुंदी लागते, पाने लावणाऱ्याला उंची लागते, आणि तिरक्या मापातून यांपैकी काहीच कळत नाही. हल्ली १६ इंची लॅपटॉप निघाले आहेत, त्यांचे पडदे बहुधा रुंदी-उंचीच्या १६:१० या प्रमाणातले असतात, म्हणजे जुन्या १६:९ च्या मानाने थोडे उभट. त्यांचे माप काढून पाहा : रुंदी ३४.५ सेंटिमीटर, जी १५.६ इंची लॅपटॉपइतकीच आहे, आणि उंची २१.५ सेंटिमीटर, जी माझ्या या धुडाइतकीच आहे. मी माझे यंत्र घेतले तेव्हा हा पर्याय दुकानात सहज दिसत नव्हता. आता तो दिसतो, आणि म्हणूनच १७.३ इंची घेऊ का असे विचारणाऱ्याला मी आधी १६ इंची पाहून या असे सांगते. १७ इंची आकाराचे दिवस तसेही भरत आलेले दिसतात. ॲपलने तो २००३ साली आणला आणि २०१२ साली सोडून दिला, आणि इतर कंपन्यांपैकीही अनेक जणी २०२३ पासून १६ आणि १८ इंचांकडे वळल्या आहेत.

मोठ्या पडद्याबद्दलचा आणखी एक गैरसमज असा, की त्यावर जास्त दिसते. माझा पडदा १९२० बाय १०८० ठिपक्यांचा (पिक्सेलचा) आहे आणि १४ इंची स्वस्त लॅपटॉपचाही तेवढ्याच ठिपक्यांचा असतो. तेवढेच ठिपके मोठ्या जागेवर पसरले की ते विरळ होतात : १४ इंचांवर एका इंचात सुमारे १५७, १७.३ इंचांवर सुमारे १२७. इंग्रजी मजकुराला हे चालून जाते. देवनागरीची गोष्ट वेगळी आहे, कारण आपल्या लिपीत शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, ऋकार असा सगळा संसार असतो. तेरा पॉइंटच्या अक्षराला खऱ्या आकारात वरपासून खालपर्यंत २३ च्या आसपास ठिपके मिळतात. त्यात ‘पिंपरी’ मधला अनुस्वार वेलांटीच्या वळणाला चिकटून बसतो, आणि मुद्रितशोधन करताना तो आहे की नाही हे पाहण्यासाठी दर वेळी पान मोठे करावे लागते. मग दोन पाने एकदम दिसण्याचा लाभ तेवढ्यापुरता जातोच. माझी पद्धत अशी, की मांडणी खऱ्या आकारात तपासायची, अक्षरे दीडशे टक्क्यांवर, आणि शेवटचे वाचन कागदावर. २५६० बाय १६०० ठिपक्यांचा पडदा घेतला तर ही अडचण पुष्कळ कमी होते, पण मग दुसरी उभी राहते. छोट्या छापखान्यांत अजूनही पेजमेकर हा पाने लावण्याचा प्रोग्रॅम चालतो, त्याची शेवटची आवृत्ती २००१ सालची, आणि अशा जुन्या प्रोग्रॅमची चिन्हे दाट पडद्यावर एक तर मुंगीएवढी दिसतात, नाहीतर फुगवून धूसर केलेली. जुन्या फायली रोज उघडाव्या लागणाऱ्या माझ्यासारखीला विरळ ठिपक्यांचा पडदा त्या बाबतीत सोयीचाच पडतो.

पडदा विकत घेताना त्याचे पॅनेल कोणते हेही विचारावे. आयपीएस असेल तर बाजूने पाहिले तरी रंग टिकतो, टीएन असेल तर मान जरा हलली की पांढरे पिवळट आणि काळे राखाडी होते. एकट्याने काम करणाऱ्याचे यात फारसे अडत नाही. मी मात्र शेवटच्या दुरुस्त्या लेखकाला शेजारी बसवून करते, आणि माझ्या आधीच्या टीएन पडद्यावर मला करडी दिसणारी छायाचित्राची पार्श्वभूमी शेजारच्या खुर्चीवरून पाहणाऱ्या लेखकाला जवळजवळ पांढरी दिसत असे. दोघांचेही म्हणणे आपापल्या जागी खरे, त्यामुळे वाद मिटायचा तर खुर्च्यांची अदलाबदल करावी लागे.

दुकानात जाऊन १७ इंची लॅपटॉप मागितला, की बहुतेक वेळा खेळांसाठी बनवलेले यंत्रच पुढे येते. मला खेळ खेळायचे नाहीत, तरी त्यातल्या ग्राफिक्स कार्डाचे पैसे द्यावे लागले, त्याला थंड ठेवणाऱ्या दोन पंख्यांचे वजन उचलावे लागते आणि त्याच्या भुकेला पुरेल असा विटेएवढा चार्जर पिशवीत न्यावा लागतो. की-बोर्डखालचे दिवे तर लाल, हिरवे, जांभळे असे आळीपाळीने पेटत. एका वयोवृद्ध अभ्यासकांच्या घरी अभंगांच्या विवेचनाची प्रुफे तपासत असताना त्यांनी फार सौम्यपणे, “हे दिवे बंद होतात का हो?” असे विचारले, तेव्हापासून ते बंदच आहेत. चार्जरच्या वजनावर मात्र उपाय सापडला. टाइप-सी मार्गाने वीज घेणारे यंत्र असेल तर पाने लावण्यासारख्या साध्या कामाला १०० वॉटचा लहान चार्जर पुरतो, आणि मोठा चार्जर घरच्या टेबलाखाली कायमचा ठेवता येतो. ही सोय आहे की नाही हे खोक्यावर शोधावे, कारण टाइप-सी भोक असले म्हणजे त्यातून चार्जिंग होतेच असे नाही.

सगळ्यांत त्रासदायक खोड बिजागरीची. मोठ्या पडद्याचे झाकण रुंद आणि जड असते, ते धरणाऱ्या बिजागऱ्या मात्र दोनच, आणि त्या कशात बसवलेल्या आहेत हे यंत्र उघडल्याशिवाय कळत नाही. बाहेरून धातूसारखे दिसले तरी आत बहुतेक ठिकाणी प्लास्टिकच्या बुटक्या खुंट्या असतात, त्यांत पितळी नट रोवलेले असतात आणि बिजागरीचे स्क्रू त्या नटांत फिरवलेले असतात. वापरता वापरता बिजागरीतले ग्रीस सुकते, धूळ शिरते आणि ती आवळत जाते. मग झाकण उघडताना लावलेला जोर बिजागरी फिरवण्याऐवजी त्या खुंट्या उपटण्यात खर्ची पडतो, आणि झाकण एका कोपऱ्याला धरून उघडले तर सगळा पीळ एकाच बाजूवर येतो. माझ्या लॅपटॉपला डावीकडे आधी ‘कट्’ असा बारीक आवाज येऊ लागला, मग मिटलेल्या झाकणाच्या कोपऱ्यात नख शिरेल एवढी फट दिसू लागली, आणि शेवटी पडद्याभोवतीची चौकट त्या कोपऱ्यात सुटून उभी राहिली. पडद्याची केबल त्याच बिजागरीजवळून जाते, त्यामुळे झाकण ठरावीक कोनात आले की पडद्यावर आडव्या रेघा नाचत.

कंपनीच्या सेवा केंद्राने सांगितले, की खुंट्या सुट्या मिळत नाहीत, झाकणाची पाठ आणि की-बोर्डभोवतीचे कवच दोन्ही बदलावे लागेल, आणि हे तुटणे ग्राहकाच्या हाताळणीमुळे झाल्याचे धरले जात असल्याने वॉरंटीत बसणार नाही. रक्कम ऐकल्यावर मी लॅपटॉप उचलून राजवाड्याजवळच्या एका दुरुस्तीवाल्याकडे नेला. त्याने झाकण उघडून एका बोटाने ढिला झालेला नट हलवून दाखवला आणि म्हणाला, “मॅडम, नुसतं चिकटवून देतो म्हणणारे पुष्कळ भेटतील, पण बिजागरी सैल केल्याशिवाय ते टिकत नाही.” त्याने आधी बिजागरीचा नट किंचित ढिला केला, मग नवे ग्रीस दिले, मोडलेल्या खुंट्यांच्या जागी दोन नळ्यांतला डिंक मिसळून भरला आणि तो वाळल्यावर झाकणातून आरपार दोन बारीक बोल्ट टाकले. बोल्टांची डोकी बाहेरून दिसतात. झाकण आता एका हाताने उघडते, रेघा गेल्या आहेत, आणि ती डोकी पाहून लॅपटॉप कोणी मागून नेत नाही हा वरचा फायदा.

उजवीकडच्या आकड्यांच्या कळांबद्दल लोकांची तक्रार असते, की त्यांच्यामुळे मूळ की-बोर्ड डावीकडे ढकलला जातो आणि टंकलेखन करताना मान सतत उजवीकडे वळलेली राहते. तक्रार खरी आहे. पण जुन्या मराठी फॉन्टमधली काही जोडाक्षरे ऑल्ट दाबून चार आकडे मारल्याशिवाय उमटत नाहीत, आणि ते आकडे उजवीकडच्या कळांवरचेच लागतात, वरच्या ओळीतले चालत नाहीत. त्यामुळे त्या कळा मला सोडता येत नाहीत. मी स्पेसबार छातीसमोर घेऊन बसते आणि पानांची जोडी पडद्याच्या डाव्या भागात ठेवते. डेमीची दोन पाने २८ सेंटिमीटर जागा घेतात, उरलेल्या दहा सेंटिमीटरमध्ये शैलींच्या आणि फॉन्टच्या खिडक्या बसतात, आणि मान सरळ राहते. १६ इंची पडद्यावर ही उरलेली जागा साडेसहा सेंटिमीटर होते, आणि एवढ्या एका बाबतीत माझे धूड अजून वरचढ आहे. उंचीची काटकसर करायला टास्कबार आपोआप लपेल असा ठेवावा. विंडोज १० मध्ये तो डाव्या कडेलाही नेता येत असे, ११ आली तेव्हा ती सोय गेली.

बॅटरीची खोड उशिरा लक्षात येते. एवढे यंत्र बहुतेक वेळ टेबलावर, वायर लावलेल्या स्थितीत चालते, आणि लिथियम-आयन बॅटरी शंभर टक्के भरलेली आणि वरून तापलेली राहिली की लवकर म्हातारी होते, कधी कधी फुगतेही. टचपॅड नीट दबेनासे झाले किंवा टेबलावर ठेवलेला लॅपटॉप डुगडुगू लागला तर बॅटरी फुगल्याची शंका घ्यावी, वापर थांबवावा आणि तिला टोचू किंवा दाबू नये. बऱ्याच कंपन्यांच्या सेटिंगमध्ये चार्जिंग ऐंशी टक्क्यांवर थांबवण्याची सोय असते, ती मी चालू ठेवते आणि प्रवासाच्या आदल्या रात्री बंद करते. प्रवासात या आकाराच्या यंत्राकडून फार अपेक्षा करू नये. विमानात विशेष परवानगीशिवाय नेता येणाऱ्या बॅटरीची मर्यादा १०० वॉट-अवर असल्याने मोठ्यात मोठ्या लॅपटॉपच्या बॅटऱ्याही तिच्या जरा अलीकडेच थांबतात, आणि पडदा व पंखे तर जास्त वीज खातात.

मग डेस्कटॉप का नाही? कारण आमच्याकडे पावसाळ्यात वीज कधी जाईल याचा नेम नसतो, आणि ती गेल्यावर हातातला फर्मा, म्हणजे एकत्र छापला जाणारा पानांचा संच, पूर्ण करण्याइतका वेळ ही बॅटरी आरामात देते. शिवाय अनेक लेखकांना प्रवास झेपत नाही, त्यांच्याकडे मलाच पडदा न्यावा लागतो. ज्याचे काम एकाच टेबलावर होते त्याने मात्र १४ इंची लॅपटॉप घेऊन घरी २४ इंची मॉनिटर जोडावा. त्याची उंची तीस सेंटिमीटरच्या आसपास असते, ए-फोर कागद त्यावर पूर्ण उभा मावतो, आणि कॉलेजात नेताना पाठीवर ओझेही होत नाही. आपल्या मुलांसाठी विचारणाऱ्या बहुतेकांना मी हेच सांगते.

तरीही मोठाच घ्यायचा असेल तर दुकानात जाताना एक डेमी पुस्तक आणि स्वतःची पाठपिशवी बरोबर न्यावी. पुस्तक उघडून पडद्यावर धरले की उंचीचा निकाल तेथेच लागतो, आणि १५.६ इंचांसाठी शिवलेल्या पिशवीची चेन या यंत्रावर लागत नाही हेही तेथेच कळते. मग झाकण मधोमध धरून एका हाताने उघडून पाहावे. झाकणाबरोबर खालचा भागही टेबलावरून उचलला जात असेल तर बिजागरी नवेपणीच आवळलेली आहे. दुकानदार त्याला मजबुती म्हणेल, तुम्ही शेजारचा लॅपटॉप दाखवायला सांगा.