सहज बसणारे काडतूस

कोल्हापुरात बंदूकदुरुस्तीचे माझे लहानसे परवानाधारक दुकान आहे. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक बंदुका शेतीच्या राखणीच्या परवान्यावरच्या, वारसाने मिळालेल्या असतात. निवडणुकीच्या आचारसंहितेत त्या ठाण्यात जमा होतात आणि परत मिळाल्यावर नळीत गंज दिसला, की मालकाला माझी आठवण होते. त्या दिवशी आलेली इंग्लिश बारा बोअरची दुनळी मात्र आतून-बाहेरून स्वच्छ होती. भुदरगडाकडचे एक ऊस उत्पादक ती घेऊन आले होते. आजोबांची ही बंदूक गेल्या वर्षापासून खांद्याला फार धक्का देते आणि उडालेल्या काडतुसाची रिकामी पुंगळी ओढून काढावी लागते, अशी त्यांची तक्रार होती.

मी बंदूक बंद करून उजेडासमोर धरली, तेव्हा नळ्या आणि त्यांच्यामागची पोलादी भिंत यांच्यामध्ये उजेडाची बारीक रेघ दिसली. बिजागरीची पिन झिजली आहे, वयोमानाने असे होतेच, असे मी सांगूनही टाकले. हे निदान अर्धवट होते. पैसे काढण्यासाठी त्यांनी पिशवीत हात घातला, तेव्हा दोन रिकाम्या पुंगळ्या टेबलावर पडल्या आणि त्यांची तोंडे पाहून मी थांबलो. प्लास्टिकची कड झिरमिळ्या होऊन फाटली होती आणि शेवटचे काही मिलिमीटर चेपून पातळ झाले होते. पितळेच्या बुडाजवळ ७० हा आकडा छापलेला होता.

नळ्या वेगळ्या करून त्यांच्या खालच्या सपाट भागावरचे शिक्के मी भिंगाखाली वाचले. १८१३ पासून बंदुकांची चाचणी घेणाऱ्या बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाउसचे ते शिक्के होते. शंकरपाळ्यासारख्या चौकटीत बारा हा आकडा आणि त्याखाली ‘सी’ हे अक्षर होते. याचा अर्थ चेंबर, म्हणजे नळीचा काडतूस बसणारा मागचा भाग, तीन इंचांपेक्षा आखूड आहे एवढाच होतो. नेमकी लांबी त्यातून कळत नाही, कारण ती इंचांत कोरण्याची पद्धत १९२५ नंतर आली. शेजारी नायट्रो प्रूफ, म्हणजे धूरविरहित दारूसाठी चाचणी झाल्याची खूण, आणि जास्तीत जास्त १⅛ औंस, म्हणजे सुमारे ३२ ग्रॅम, छर्ऱ्यांची मर्यादा कोरलेली होती. चेंबरमध्ये लांबी मोजायचा गेज घातला, तर तो अडीच इंचांवर, म्हणजे ६५ मिलिमीटरच्या आसपास, अडला. पिशवीतल्या काडतुसांत ३६ ग्रॅम छर्रे होते.

“पण साहेब, काडतूस तर लोण्यासारखं बसतंय की!” ते म्हणाले, आणि त्यांचे म्हणणे खरे होते. काडतुसावर छापलेली लांबी ही उडाल्यानंतर तोंड पूर्ण उघडलेल्या पुंगळीची असते. न उडालेल्या काडतुसाचे तोंड चांदणीसारख्या घड्या घालून मिटलेले असते, त्यामुळे ७० मिलिमीटरचे काडतूस मोजले तर साठीच्या आतबाहेरच भरते आणि ६५ मिलिमीटरच्या चेंबरमध्ये कुठेही न अडखळता आत जाते. मी त्यांच्यासमोर कॅलिपर लावून आधी नवे काडतूस आणि मग पुंगळी मोजली. दुसरा आकडा पाहून त्यांनी कॅलिपर माझ्या हातातून घेतला आणि पुन्हा स्वतः मोजले.

चेंबर संपते तिथून नळी निमुळती होत बोअरला, म्हणजे पुढच्या सरळ पोकळीला, मिळते. घड्या उघडल्या, की पुंगळीची जास्तीची पाच मिलिमीटर कड नेमकी त्या निमुळत्या भागात शिरते आणि छर्रे व वॉड (दारू आणि छर्रे यांच्यामधले बूच) यांना त्या आवळलेल्या तोंडातून बाहेर पडावे लागते. दाब सर्वांत जास्त असण्याच्या क्षणीच वाट अरुंद होते. तरीही सगळा दोष लांबीवर टाकणे मला पटत नाही. निमुळता भाग लांब असेल आणि छर्ऱ्यांचा भार हलका असेल, तर दाबातली वाढ थोडीच होते, असे अमेरिकेत जुन्या दुनळ्यांवर झालेल्या चाचण्यांत दिसले आहे. ब्रिटनमध्ये ६७ मिलिमीटरची काही काडतुसे ६५ च्या चेंबरला चालतील असे खोक्यावर छापूनच विकली जातात, पण ती तेवढ्या दाबाच्या हिशेबानेच भरलेली असतात. ७० मिलिमीटरची सर्वसाधारण काडतुसे आजच्या बंदुकांचा दाब गृहीत धरून भरतात. शंभरी गाठलेल्या या दुनळीला एकदम जादा लांबी, जादा भार आणि जादा दाब अशा तिन्ही गोष्टी सोसाव्या लागत होत्या, आणि खांद्याला बसणारा धक्का मुख्यतः त्या जादा भाराचा होता. नळी फुटली नाही ती जुन्या कारागिराने ठेवलेल्या जाडीमुळे. बिजागरी मात्र त्यात सैल झाली.

“मग चेंबरच वाढवून द्या,” असे त्यांनी सुचवले. रीमर हे भोक मोठे करायचे हत्यार फिरवून पाच मिलिमीटर वाढवणे हे अर्ध्या तासाचे काम आहे आणि ते करून देणारे लोकही आहेत. मी नळीच्या भिंतीची जाडी मोजली आणि नकार दिला. दाब जिथे जास्त असतो तिथलेच पोलाद त्यात कमी होते. शिवाय इंग्लंडमध्ये अशा बदलानंतर बंदूक पुन्हा प्रूफला पाठवतात, तर माझ्या दुकानात त्या चाचणीची काहीच सोय नाही. चेंबर लांब झाले तरी १⅛ औंसाचा शिक्का तसाच राहणार होता, हेही मी त्यांना दाखवले. ते काहीसे नाराज झाले, पण बंदूक ठेवून गेले.

पंधरा दिवसांत बिजागरीला नवी पिन बसवली आणि उजेडाची रेघ नाहीशी झाली. बंदुकीच्या पिशवीवर ‘फक्त ६५ मिमी, ३० ग्रॅमपर्यंत’ अशी चिठ्ठी चिकटवली. ओळखीच्या विक्रेत्यांकडे विचारले, तर ७० मिलिमीटरचीच काडतुसे शिल्लक होती. मालक बंदूक घेऊन गेले आणि ६५ ची काडतुसे मिळेपर्यंत ती कपाटात कुलूपबंद ठेवायची, असे आमचे ठरले. परवा फोन आला, तेव्हा उसाची राखण अजून पत्र्याचे डबे वाजवूनच चालली होती.