बाजार उठल्यावर

‘चिपिंग कॅम्पडन’ हे नाव पहिल्यांदा ऐकलं तेव्हा चिपिंग म्हणजे कुणा उमरावाचं आडनाव असणार असं मला वाटलं होतं. निघाला साधा बाजार! जुन्या इंग्रजीत ‘चेपिंग’ म्हणजे बाजार. म्हणजे हे गाव आपल्या चांदूर बाजारचं विलायतेतलं चुलत भावंड. एवढं कळल्यावर गावाशी माझी जरा सलगीच झाली.

गावाचं स्टेशन १९६६ साली बंद झालं. त्यामुळे लंडनहून येताना मॉरटन-इन-मार्शला उतरायचं आणि पुढे बस धरायची. वाटेत मी मनातल्या मनात बाजाराची तयारी करत होतो: हाका, घासाघीस, पायाखाली पालापाचोळा. उतरलो तर काय, मधाच्या रंगाच्या चुनखडी दगडातली घरं आणि त्यांच्यामधून धनुष्यासारखा वळत गेलेला निवांत हाय स्ट्रीट. एक गृहस्थ कुत्र्याला फिरवत होते. कुत्राही घाईत नव्हता.

बाजार दिसत नव्हता, पण त्याची जागा मात्र डोळ्यांत भरत होती. रस्ता मध्येच फुगून ऐसपैस होतो, तो काही मोटारींसाठी नव्हे. पाल ठोकायचे, गाड्या सोडायच्या, गुरं उभी करायची, तर जागा नको? घरांची तोंडं रस्त्याकडे अरुंद आणि मागे परसू मात्र लांबच लांब. बाजारावर तोंड असलेली जागा मोलाची, म्हणून ती पट्ट्यापट्ट्यांनी वाटलेली. सातआठशे वर्षांपूर्वीची ही आखणी अजून तशीच आहे. एखाद्याने जेवून उठावं आणि पाट तसाच मांडलेला राहावा, तसं काहीसं.

रस्त्याच्या मधोमध एक कमानींचा, चारी बाजूंनी उघडा मंडप आहे: मार्केट हॉल. सर बाप्टिस्ट हिक्स नावाच्या धनाढ्य व्यापाऱ्याने तो १६२७ साली बांधला. पाहणाऱ्याला वाटतं, लोकरीचं गाव, तेव्हा हा लोकरीचाच बाजार असणार. तसं नाही. इथे लोणी, चीज आणि कोंबड्या विकायला बसत. लोकरीचे वैभवाचे दिवस तोवर ओसरले होते. आत पाऊल टाकलं आणि पाऊल तिरकं पडलं. खालची दगडी जमीन इतकी उंचसखल, की शेजारशेजारच्या दोन दगडांचं एकमेकांशी पटत नसावं. मी पाण्याची बाटली खाली ठेवली, तर ती कलंडली आणि गडगडत पार खांबापर्यंत गेली. वाकून उचलताना दगडाला हात लागला. कडा ओबडधोबड, पण मधला खळगा साबणाच्या वडीसारखा गुळगुळीत. लोण्याची टोपली घेऊन बसलेली बाई याच खळग्यात पाय रोवत असेल का, असं उगाच वाटून गेलं.

या मंडपाची एक गंमत आहे. १९४०च्या दशकात तो स्वतःच विक्रीला निघाला होता, आणि गिऱ्हाईक होतं थेट अमेरिकेचं! गावाने वर्गणी काढून तो वाचवला. आता तो नॅशनल ट्रस्ट या जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेकडे आहे. आयुष्यभर बाजार पाहिलेल्या वास्तूवर शेवटी ही पाळी यावी, हे मला फार आवडलं.

लोकरीची श्रीमंती बघायची तर सेंट जेम्स चर्चमध्ये जावं. तिथे जमिनीत बसवलेल्या पितळी पत्र्यावर विल्यम ग्रेव्हेल आपल्या पत्नीसह कोरलेला आहे. तो वारला १४०१ मध्ये. सगळ्या इंग्लंडातल्या लोकरीच्या व्यापाऱ्यांचं ‘फूल’ असं त्याला तिथे लॅटिनमध्ये म्हटलंय. व्यापाऱ्याला फूल म्हणणारं गाव! त्याचं घरही हाय स्ट्रीटवर अजून उभं आहे.

दुपारी डोव्हर्स हिलवर चढलो. चढ असा काही मोठा नाही, पण चिखल मात्र मनापासून केलेला. वाटेत शेताशेतांमध्ये चुन्याशिवाय रचलेल्या दगडी भिंती. कोकणात याला गडगा म्हणतात, आणि इथेही त्यावर शेवाळ तसंच चढतं. खाजगी कुरणातून सार्वजनिक पायवाट बिनदिक्कत जाते. मेंढ्या मान वर करून बघतात आणि ‘हा काही घेणारा दिसत नाही’ अशा चेहऱ्याने पुन्हा चरायला लागतात. माथ्यावरून इव्हशॅमचं खोरं दूरवर पसरलेलं दिसतं. याच उतारावर रॉबर्ट डोव्हर नावाच्या वकिलाने १६१२च्या सुमारास खेळांचा मेळा सुरू केला. तो मध्ये बंद पडला, पुन्हा उभा राहिला आणि आजही भरतो. त्यात एकमेकांच्या नडगीवर लाथा मारायची स्पर्धा असते. पायजम्यात गवत कोंबून मंडळी उतरतात म्हणे. वकिलाच्या डोक्यातूनच हे निघू शकतं.

खाली उतरेपर्यंत पावसाने गाठलं. धावत मार्केट हॉल गाठला, तर आधीच दहाबारा जण आत. दोन सायकलवाले, पिशव्या घेतलेल्या दोघी आजी, सकाळचे ते गृहस्थ आणि त्यांचा कुत्रा. इंग्रज माणूस अनोळखी माणसाशी पावसाविषयी मात्र मोकळेपणाने बोलतो. बघता बघता कलकलाट सुरू झाला. कुत्र्याने अंग झटकलं आणि सगळं पाणी माझ्या पँटवर. गृहस्थ ओशाळून माफी मागू लागले, आजी हसल्या. मी बाटली काढली, दोन घोट घेतले आणि या खेपेला ती खांबाला नीट टेकवून ठेवली.