सर्व्हरचं नाव जुळेना

गेल्या वर्षीचा दिवाळीनंतरचा दुसरा शनिवार. मी एका ऑटो पार्ट्स बनवणाऱ्या कंपनीचं आयटी बघतो, प्लांट चाकणला, अकाउंट्स आणि आम्ही पुण्यात. ईआरपीचा, म्हणजे कंपनीचे सगळे व्यवहार नोंदवणाऱ्या सॉफ्टवेअरचा, डेटाबेस चाकणच्या सर्व्हर रूममधे एसक्यूएल सर्व्हरवर, आणि रिपोर्ट काढणारा सर्व्हर आमच्याकडे, तो जावावर चालतो आणि जेडीबीसी ड्रायव्हरने, म्हणजे जावाला डेटाबेसशी जोडणाऱ्या सॉफ्टवेअरने, चाकणशी बोलतो. हे कनेक्शन सात वर्षं तसंच साधं चालू होतं, एन्क्रिप्शन, म्हणजे डेटा कुणाला वाचता येणार नाही अशा रूपात पाठवणं, नाही, काही नाही. नीट चालतंय तर कशाला हात लावायचा असं सगळ्यांचं मत आणि खरं सांगायचं तर माझंही. मग ऑडिटरने लेखी दिलं की डेटा नेटवर्कवरून उघडा जातोय, तो एन्क्रिप्ट करा.

मला आधी हा मुद्दा नुसता कागदी वाटला होता. म्हटलं बघू तरी किती उघडा जातो ते, म्हणून त्या आठवड्यात रिपोर्ट सर्व्हरवर वायरशार्क, नेटवर्कवरून जाणारा डेटा दाखवणारं टूल, लावला, एसक्यूएल सर्व्हर ज्या १४३३ पोर्टवर बोलतो त्याचा फिल्टर टाकला आणि एक वेंडर रिपोर्ट चालवला. एसक्यूएल सर्व्हरचं असं आहे की एन्क्रिप्शन बंद असलं तरी लॉगिनचं पॅकेट तेवढं एन्क्रिप्ट होऊन जातं, त्यामुळे पासवर्ड दिसत नाही आणि माणूस समजतो की सगळं सेफ आहे. पण लॉगिन झालं की पुढचा सगळा डेटा उघडा. स्क्रीनवर नावं वाचता येत होती, प्रत्येक अक्षरापुढे एक टिंब, कारण एकेक अक्षर दोन बाइटचं जातं. त्याच्या खाली बँकेचे अकाउंट नंबर, आयएफएससी कोड, बिलाची रक्कम. भोसरीतल्या छोट्या वर्कशॉपवाल्यांची नावं होती त्यात, आपले जॉबवर्क करणारे लोक, आणि त्यांचे अकाउंट नंबर मी असे सहज वाचत बसलो होतो. मला फार वाईट वाटलं. ही माहिती त्यांनी विश्वासाने दिलेली असते ना.

तर शनिवारी काम सुरू केलं. आमचं स्वतःचं सीए आहे डोमेनवर, म्हणजे सर्टिफिकेट, सर्व्हरचं डिजिटल ओळखपत्र, देणारा आमचाच सर्व्हर, त्याच्याकडून दोन सर्टिफिकेटं काढली होती, एक चाकणच्या प्रॉडक्शनसाठी आणि एक मुंबईच्या डेटा सेंटरमधल्या डीआर सर्व्हरसाठी, म्हणजे चाकणला काही झालं तर उभा राहणारा पर्यायी सर्व्हर. डीआरवरचं आमच्या डेटाबेस सांभाळणाऱ्या डीबीए सरांनी बुधवारीच तालीम म्हणून बसवून बघितलं होतं. प्रॉडक्शनचं शनिवारी जेवणाच्या सुट्टीत बसवायचं ठरलं, साडेबारा ते एक, कारण सर्व्हिस रिस्टार्ट करावी लागते आणि तेवढ्या वेळात डिस्पॅचची चलनं निघत नाहीत.

सरांनी कॉन्फिगरेशन मॅनेजरमधे सर्टिफिकेट निवडलं, रिस्टार्ट केलं, आणि सर्व्हिस उठेचना. फोनवर सर म्हणाले, "अरे, वर येत नाहीये." बारा पंचेचाळीस झाले होते, पंधरा मिनिटांत गाड्या गेटवर लागणार. मी विचारलं, "सर, प्रायव्हेट कीला परमिशन दिली का सर्व्हिस अकाउंटला?" दिली नव्हती. सर्टिफिकेट मशीनच्या स्टोअरमधे टाकलं की झालं असं वाटतं, पण ज्या अकाउंटखाली एसक्यूएल चालतो त्याला ती की, सर्टिफिकेटसोबतची गुप्त किल्ली, वाचता आली पाहिजे, नाहीतर तो सुरूच होत नाही. डीआरवर हे अकाउंट वेगळं होतं, ॲडमिन हक्कांचं, म्हणून बुधवारी हा प्रश्न आलाच नव्हता. सरांनी परमिशन दिली, सर्व्हिस उठली, एरर लॉगमधे सर्टिफिकेट लोड झाल्याची ओळ आली, आणि सरांनी त्या ओळीचा फोटो, त्यातल्या लांबलचक हॅशसकट, म्हणजे सर्टिफिकेट ओळखायच्या कोडसकट, मला व्हॉट्सॲपवर पाठवला. ही सवय चांगली आहे त्यांची. त्या फोटोनेच पुढे दिवस वाचवला.

आता माझं टोक. जेडीबीसी ड्रायव्हर फार जुना होता तो नवा टाकला. २०२२ मधे आलेल्या १०.२ आवृत्तीपासून या ड्रायव्हरमधे एन्क्रिप्ट ही सेटिंग आपोआप ट्रू असते, तरी मी कनेक्शन स्ट्रिंगमधे, म्हणजे जोडणीच्या सेटिंग्जच्या ओळीत, ती स्पष्ट लिहिली, पुढच्या माणसाला दिसावी म्हणून. टेस्ट दाबलं, पीकेआयएक्स पाथ बिल्डिंग फेल्ड, म्हणजे हे सर्टिफिकेट देणाऱ्यावर जावाचा विश्वास नाही. हे अपेक्षितच होतं, जावा विंडोजचं सर्टिफिकेट स्टोअर आपणहून बघत नाही, त्याचं स्वतःचं ट्रस्टस्टोअर, कुणावर विश्वास ठेवायचा त्याची फाइल, असतं, त्यामुळे त्याच मशीनवर एसक्यूएलचा मॅनेजमेंट स्टुडिओ सुरळीत जोडला जातो आणि रिपोर्ट मात्र नाही म्हणतो. जावाच्या कीटूलने आमच्या सीएचं रूट, म्हणजे मूळ, सर्टिफिकेट त्यात इंपोर्ट केलं. पुन्हा तीच एरर. अर्धा पाऊण तास गेला तेव्हा कळलं की त्या सर्व्हरवर दोन जावा आहेत, एक पाथमधला, म्हणजे नुसती कमांड दिली की चालणारा, आणि एक रिपोर्ट टूलने स्वतःबरोबर आणलेला, आणि मी चुकीच्या जावात टाकत होतो. मग मी वेगळी ट्रस्टस्टोअर फाइलच बनवली आणि तिचा रस्ता कनेक्शन स्ट्रिंगमधे दिला, कारण जावा अपडेट झाला की त्याची आतली फाइल बदलली जाऊ शकते आणि मग एके सकाळी सगळे रिपोर्ट बंद.

टेस्ट. आता एरर वेगळी आली. सर्टिफिकेटवर विश्वास बसला, पण सर्व्हरचं नाव सर्टिफिकेटमधल्या नावाशी जुळत नाही.

तोपर्यंत चार वाजले होते. अकाउंट्सच्या मॅडम थांबल्या होत्या, त्यांना सोमवारच्या पेमेंटची यादी काढायची होती. ही यादी त्यांच्या जिवाला लागलेली असते. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचं पेमेंट मुदतीत, म्हणजे करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत झालं नाही तर ती रक्कम प्रत्यक्ष देईपर्यंत खर्च म्हणून धरता येत नाही, २०२३ च्या फायनान्स ॲक्टने आयकर कायद्याच्या कलम ४३बी मधे हे आणलं, आणि त्याहीपेक्षा मॅडमना त्या लोकांचे फोन घ्यायचे असतात, कामगारांचा पगार अडलाय म्हणून. आमचे साहेबही येऊन उभे राहिले. "अरे ते ट्रस्ट सर्व्हर सर्टिफिकेट ट्रू करून टाक ना, सगळीकडे तेच करतात." तसं केलं की ड्रायव्हर सर्टिफिकेट तपासतच नाही, जे समोर येईल ते चालवून घेतो. डेटा एन्क्रिप्ट होतो, ऑडिटरची टिक मिळते, पण पलीकडे कोण बसलंय हे कुणी विचारलेलंच नसतं. दुसरा एक मार्ग असतो, होस्टनेम इन सर्टिफिकेट या सेटिंगमधे जे नाव सर्टिफिकेटवर आहे तेच लिहून मोकळं व्हायचं. तो मोह मला खरंच झाला होता, कारण वैध कारणासाठी ती सेटिंग वापरतातच. पण आधी ते नाव तरी बघू म्हटलं. साहेबांना म्हणालो, "साहेब, अर्धा तास द्या मला."

ओपनएसएसएल या टूलने थेट १४३३ वर सर्टिफिकेट बघायला गेलं तर हाती काही लागत नाही, कारण या जोडणीत टीएलएसचा हँडशेक, म्हणजे एन्क्रिप्शन सुरू करायची बोलणी, टीडीएसच्या, एसक्यूएल सर्व्हरच्या स्वतःच्या भाषेच्या, पॅकेटमधे गुंडाळून जातो. म्हणून जावाचाच एसएसएल डिबग लॉग चालू केला. शेकडो ओळी, त्यात सर्टिफिकेटचा सब्जेक्ट शोधला. नाव डीआर सर्व्हरचं होतं.

सगळ्यात आधी मनात आलं की सरांकडून अदलाबदल झाली, डीआरचं सर्टिफिकेट प्रॉडक्शनवर बसलं. फोन लावला तर सर थोडे दुखावले, "मी फोटो पाठवलाय तुला, बघ." फोटोतला हॅश सीएकडच्या प्रॉडक्शन सर्टिफिकेटच्या थंबप्रिंटशी एकेक अक्षर ताडून बघितला. जुळत होता. म्हणजे चाकणच्या सर्व्हरवर बरोबर सर्टिफिकेट आहे, आणि तरी मला उत्तर देणारा सर्व्हर डीआरचं दाखवतोय. मग उत्तर देणारा चाकणचा नाहीच.

एनएसलुकअप करून त्या नावाचा आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, विचारला, तो चाकणचा आला. एकदम बरोबर. पाच मिनिटं मी नुसता बघत बसलो. मग सहज पिंग केलं आणि आयपी मुंबईचा. एनएसलुकअप थेट डीएनएसला, नावावरून पत्ता सांगणाऱ्या सर्व्हरला, विचारतो, होस्ट्स फाइल, म्हणजे त्या मशीनवरचीच नाव-पत्त्यांची यादी, बघत नाही, पिंग आणि बाकीचे प्रोग्राम आधी होस्ट्स फाइल बघतात. फाइल उघडली. शेवटची ओळ, चाकणच्या नावापुढे मुंबईचा आयपी. दिवाळीआधी डीआर ड्रिल, म्हणजे पर्यायी सर्व्हरवर काम हलवून बघायची तालीम, झालं होतं, त्या दिवशी आमच्याच टीमने टाकलेली ओळ, ड्रिल संपल्यावर काढायची राहिलेली. म्हणजे त्या दिवसापासून आमचा प्रत्येक रिपोर्ट डीआरवरून येत होता, आणि डीआरवर रोज रात्री दोनला प्रॉडक्शनचा बॅकअप रिस्टोअर होतो. आज दिवसभरात केलेली एंट्री रिपोर्टात उद्या दिसणार. वायरशार्क लावला तेव्हाही आयपीचा कॉलम डोळ्यासमोर होता, मी नावं वाचण्यात अडकलो आणि तो बघितला नाही.

मी मॅडमना सांगायला गेलो. त्या एकदम गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "मी तुम्हाला सांगितलं होतं की दुपारची एंट्री संध्याकाळी दिसत नाही." सांगितलं होतं. आणि मी उत्तर दिलं होतं की रिपोर्ट ब्राउझरच्या कॅशेमधून जुनाच दिसत असेल, पेज रिफ्रेश करून बघा. मी उठून बघायला गेलो नव्हतो. तसं त्यांना म्हणालो, माफी मागितली. पण त्यांच्या डोक्यात वेगळंच चालू होतं. दिवाळीच्या आधल्या आठवड्यात भोसरीच्या एका वेंडरला १ लाख ८४ हजाराचं एकच बिल दोनदा दिलं गेलं होतं. त्या माणसाने स्वतः फोन करून सांगितलं होतं की ताई, एक पेमेंट जास्त आलंय, परत कुठे पाठवू. बँकेत जाणारी फाइल रिपोर्टच्या एक्सेलवरून बनते. अकाउंट्समधल्या नवीन पोराने दुपारी तीनला पेमेंट ईआरपीत टाकलं होतं, संध्याकाळच्या यादीत ते बिल पुन्हा बाकी दिसलं, पुन्हा गेलं. तो सारखा सांगत होता की मी एंट्री केली होती. सगळ्यांनी धरून चाललं की उशिरा केली असणार, आणि त्याला मेमो दिला गेला. पोराची पहिलीच नोकरी.

होस्ट्स फाइलमधली ती ओळ काढली, डीएनएस कॅशे साफ केला, टेस्ट दाबलं. जोडलं गेलं, एकही तपासणी न वगळता. सरांनी चाकणहून कनेक्शनच्या व्ह्यूमधे बघितलं, आमच्या सेशनपुढे एन्क्रिप्ट ऑप्शन ट्रू. वायरशार्क पुन्हा लावला, या वेळी आधी आयपी बघितला, मग खाली, एकही शब्द वाचता येत नव्हता. ड्रिलच्या चेकलिस्टमधे होस्ट्स फाइलची ओळ सहीसकट घातली आणि सर्टिफिकेट संपायच्या दोन महिने आधीचं रिमाइंडर माझ्या, सरांच्या आणि साहेबांच्या कॅलेंडरला टाकलं.

साहेबांनी कुणाला काही न विचारता मेमो मागे घ्यायचा मेल तिथेच लिहायला घेतला. मॅडम म्हणाल्या मेल जाऊ दे, मी आधी बोलते त्याच्याशी, आणि माझ्या टेबलाशेजारी उभ्या राहूनच फोन लावला. "अरे बाळा, त्या भोसरीच्या बिलाचं कळलं आज. तुझं काही चुकलं नव्हतं, सर्व्हरचं होतं." पलीकडून बराच वेळ काही आवाज नाही. मग त्याने विचारलं, "मॅडम, म्हणजे एंट्री तीनलाच झाली होती ना?" मॅडम हो म्हणाल्या. त्याने तेच अजून एकदा विचारलं.