पावसाळ्यात बेरेट बसवताना : सातारा, जुलै-ऑगस्टची नोंदवही

बेरेट म्हणजे सैनिक आणि कॅडेट घालतात ती मऊ, बिनकडेची लोकरी टोपी. ती बसवणं म्हणजे भिजवून डोक्याच्या आकारात आणणं. कामाला अशा दोन बेरेट आहेत. ‘अ’ नवी कोरी, रायफल ग्रीन म्हणजे गडद हिरवी, ५७ सेंटिमीटरची, आत चामडी पट्टी आणि काळं अस्तर. ‘ब’ त्याच रंगाची पण जुनी, ५६ची. आधी कोणीतरी उकळत्या पाण्यात घातल्यामुळे तिची पट्टी लाकडासारखी कडक झाली आहे. १५ ऑगस्टच्या संचलनाआधी दोन्ही डोक्यावर नीट बसल्या पाहिजेत. साताऱ्यात जूनमध्ये शाळा-कॉलेजं उघडली की एनसीसीच्या नव्या बेरेट निघतात आणि त्या बसवायची वेळ नेमकी ऐन पावसात येते. देशातली पहिली सैनिक शाळा २३ जून १९६१ला याच गावात सुरू झाली. इथे बेरेटकडे लोकांचं लक्ष असतं, ती पावासारखी फुगलेली दिसली तर लगेच कळतं.

५ जुलै

आधी कापडाची परीक्षा. आतल्या शिवणीजवळचे चार-पाच तंतू चिमट्याने ओढून काडीपेटीने पेटवले. केस जळल्याचा वास आला आणि उरलेली राख बोटात चुरली, म्हणजे लोकर. तंतू वितळून टोकाला कडक मणी झाला तर अ‍ॅक्रिलिकची भेसळ समजायची. तशी बेरेट गरम पाण्याने आटत नाही. कितीही भिजवली तरी सैल ती सैलच राहते, तिला सुरुवातीलाच अचूक मापाची घ्यावी लागते. माप घेताना टेप भुवईच्या १ इंच वर, दोन्ही कानांच्या वरून आणि मागच्या उंचवट्यावरून फिरवायचा. आपल्या दोन्ही बेरेट लोकरीच्या निघाल्या.

६ जुलै

लव काढली. नव्या बेरेटवर इतकी लव असते की तिच्यावर प्रत्येक धागा आणि धूळ चिकटते. साधा डिस्पोजेबल रेझर, बेरेट पूर्ण कोरडी, आत तळहात ताणून धरलेला. पातं जवळजवळ आडवं ठेवून मधल्या बिंदूपासून कडेकडे हलकेच ओढायचं. ‘अ’ला २५ मिनिटं लागली आणि दोन रेझर बोथट झाले. मध्ये मध्ये चिकटपट्टीने भुगा उचलला. ओल्या बेरेटवर हे करू नये. लव चपटी बसून लपते, लोकर मऊ पडते आणि पातं खोल जातं. एकाच जागी चार-पाचदा फिरवलं तर तिथे विणीची जाळी दिसू लागते, ती परत भरत नाही. लायटरने लव जाळायची पद्धत बरेच जण सांगतात. गडद हिरव्यावर तिचे तपकिरी डाग पडतात, म्हणून ती आम्ही वापरत नाही.

अस्तर कापायचं की ठेवायचं? कापलं तर माथा डोक्याला छान चिकटतो. पण युनिटकडून मिळालेली बेरेट परत करायची असेल तर कात्री लावू नका. आम्ही ‘अ’चं अस्तर ठेवलं. बॅजच्या जागेमागे पुठ्ठा होता, तो भिजला की लगदा होतो. अस्तराची ५ सेंटिमीटर शिवण उसवून तो काढला आणि आइस्क्रीमच्या डब्याच्या झाकणातून ६ बाय ५ सेंटिमीटरचा तुकडा कोपरे गोल करून आत सरकवला.

८ जुलै : ‘अ’ची बुडी

पाणी सुमारे ५० अंश. थर्मामीटर नसेल तर बोट दोन-तीन सेकंद टिकेल, त्यापुढे काढावंसं वाटेल इतकं. रुंद पातेल्यात बेरेट उलटी धरून फक्त माथा बुडवला, चामडी पट्टी पाण्याबाहेर. ३० सेकंद, चोळणं बिलकूल नाही. गरम-गार अशा आलटून पालटून बुड्या आम्ही वगळल्या. लोकरीच्या तंतूवर खवले असतात. ओल आणि ऊब यांच्या जोडीला हालचाल मिळाली की ते एकमेकांत अडकतात आणि कापड आटतं. गार पाण्याने त्यात काही भर पडत नाही, उगाच जास्त हाताळणी होते. ‘ब’चा माथा असाच कोणीतरी चोळून आटवला असणार.

बाहेर काढून पांढऱ्या टॉवेलात गुंडाळून दाबली. पिळायची नाही, पिळली की माथ्यावर लांब सुरकुत्या राहतात. टॉवेलावर फिकट हिरवा रंग उतरला, तेवढा चालतो. बोअरचं पाणी जड असेल तर सुकल्यावर पांढरट कड दिसते, म्हणून नळाचं पाणी घेतलं.

मग डोक्यावर. पट्टी कपाळावर आडवी, भुवईच्या १ इंच वर. बॅजची जागा डाव्या डोळ्याच्या वर, तिथला भाग उभा. बाकीचा माथा तळहाताने डावीकडून उजवीकडे सपाट करत खाली ओढायचा. उजव्या कानाकडे उतरणाऱ्या या भागाला आम्ही पदर म्हणतो. तो कानाच्या वरच्या टोकाला टेकावा, कान झाकू नये. फ्रान्ससारख्या काही सैन्यांत बेरेट डावीकडे ओढतात. आपल्याकडे ब्रिटिश वळण आहे, उजवीकडचं. १९२४ साली ब्रिटनच्या रॉयल टँक कोअरने काळी बेरेट घेतली त्याचं कारण साधं होतं. रणगाड्यात कड असलेली टोपी अडते आणि काळ्यावर तेलाचे डाग दिसत नाहीत. आपल्या चिलखती दलाची काळी बेरेट त्याच घराण्यातली.

४० मिनिटं डोक्यावर, नंतर साच्यावर. यातच बहुतेकांचं चुकतं. गोल पातेल्यावर ठेवलेली बेरेट गोलच सुकते, आणि डोकं लांबट असतं. ५७ सेंटिमीटरच्या घेराला गोल साचा १८ सेंटिमीटर व्यासाचा लागेल. आम्ही १६ सेंटिमीटरचा स्टीलचा डबा उपडा घेतला, त्याच्या पुढे आणि मागे २-२ सेंटिमीटर जाडीचे दुमडलेले नॅपकिन दोऱ्याने बांधले. म्हणजे लांबी २०, रुंदी १६. डब्यावर पातळ टॉवेल. पदर बसवून वरून ६ सेंटिमीटरचं क्रेप बँडेज सैल गुंडाळलं. कपड्याचे चिमटे लावू नका, त्यांचे दात सुकल्यावरही दिसतात.

८ ते ११ जुलै : सुकणं

सगळं काम इथे होतं. भिजल्यावर लोकरीतले हायड्रोजन बंध सुटतात आणि सुकताना तंतू ज्या स्थितीत असेल त्या स्थितीत पुन्हा जुळतात. म्हणून आकार सुकताना पक्का होतो, आणि अर्धवट ओली बेरेट साच्यावरून काढली की पदर उसळून वर येतो. हेअर ड्रायरने वरचा थर सुकतो, आतला ओला राहतो, परिणाम तोच. उन्हात रंग उडतो आणि चामडं तडकतं.

पंखा मंद, खिडकी बंद, कारण बाहेर अजिंक्यतारा दिवसभर ढगात आणि हवा बाहेरच जास्त ओली. उन्हाळ्यात एका रात्रीत होणारं काम तीन दिवस चाललं. दुसऱ्या दिवशी आतून कुबट वास येऊ लागला, तेव्हा खालचा टॉवेल बदलला. तो रोज बदलावा, बुरशी तिथूनच धरते.

१२ जुलै : वाफ

नुसत्या ओलीने बसलेला आकार ओलीनेच सुटतो. पावसाच्या एका सरीत पदर उघडतो तो यामुळेच. वाफेची ऊब जास्त खोल जाते, तंतूतले गंधकाचे बंध काही अंशी नव्याने जुळतात आणि घडी जास्त टिकते. बेरेट साच्यावरच ठेवून पदराच्या घडीवर ओलसर सुती कापड, वर वाफेची इस्त्री ५ सेंटिमीटर अंतरावरून १० सेकंद, मग हाताने दाबून १० मिनिटं थंड होऊ दिली. असं तीनदा. इस्त्री थेट टेकवू नये, लोकर चकाकते आणि ती चकाकी जात नाही. कुकरच्या शिट्टीवर बेरेट धरण्याचा प्रयोग कोणी करू नये, हात भाजतो.

पट्टीतली घेर आवळायची नाडी आता ओढली. ओल्यात ओढली असती तर पट्टीला चुण्या पडल्या असत्या. आत एक बोट जाईल इतकी सैल, मागच्या बाजूला चपटी गाठ, टोकं १ सेंटिमीटर ठेवून पट्टीत खोचली.

२० जुलै : ‘ब’

माथा सैल करायला वाफ देऊन साच्यावर हळूहळू ताणला, चार दिवस रोज थोडा. बराच उतरला, पण आटलेली लोकर पूर्ण परतत नाही. पट्टीचं दुखणं वेगळं. उकळत्या पाण्यात चामडं आवळतं आणि ते कायमचं. खोबरेल तेल लावायचा मोह टाळा. ते लोकरीत झिरपतं, काळपट कड धरतं आणि महिन्याभरात खवट वास येतो. रंगहीन लेदर क्रीम मुगाएवढं कापडावर घेऊन लावलं, पट्टी जरा मऊ झाली. कपाळावर एका जागी अजून टोचते. ती पट्टी उसवून चांभाराकडून नवी लावून घ्यावी लागेल.

४ ऑगस्ट

‘अ’ची पावसाची परीक्षा. फवारणीच्या बाटलीने माथा दिसता ओला केला, अर्धा तास डोक्यावर. पदर किंचित सैल झाला, पण घडी जागेवर राहिली. साच्यावर रात्रभर ठेवल्यावर पुन्हा तसाच बसला.

बॅज काढूनच चमकवला. ब्रासो लोकरीवर लागला की पांढरी भुकटी शिवणीत बसते. बॅज प्लॅस्टिकचा किंवा रंग चढवलेल्या अ‍ॅल्युमिनियमचा असेल तर ब्रासो लावूच नका, वरचा थर निघून जातो. एनसीसीचा लाल, गडद निळा आणि फिकट निळा हॅकल, म्हणजे बॅजमागचा तुरा, पाण्यापासून दूर ठेवायचा. दबला असेल तर दुरून वाफ आणि बोटांनी फुलवणं पुरतं.

आता ठेवणं. खांद्याच्या पट्टीखाली दुमडून खोचायची सवय घडी मोडते, महिन्याची मेहनत एका दुपारी जाते. बॅज वर करून, आत साध्या कागदाचा बोळा, जाळीदार कापडी पिशवीत. वर्तमानपत्राची शाई पट्टीला लागते. कसरीसाठी डांबरगोळी कागदात गुंडाळून पिशवीच्या कोपऱ्यात, बेरेटला न टेकता. पावसाळ्यात पंधरवड्यातून एकदा बाहेर काढून वारा द्यायचा आणि पट्टीची आतली बाजू बघायची. पांढरे ठिपके दिसले तर कोरड्या ब्रशने घराबाहेर झाडायचे आणि मगच पुसायचं. आधी ओलं कापड लावलं तर बुरशी पसरते.

१४ ऑगस्टच्या संध्याकाळी ‘अ’ला एकदा वाफ, रात्रभर साच्यावर, सकाळी बॅज.