ट्रॅक्टरचं ऑईल दुधाळ झालं, तेव्हा हाउसिंग धुऊन काढण्याचा माझा अनुभव

डिपस्टिकवर ऑईल दूध घातलेल्या चहासारखं दिसलं की पाणी शिरलं समजा. अंगणात तापलेल्या तव्यावर एक थेंब टाकला. तो तडतडला, शंका मिटली. माझा ५० एचपीचा ट्रॅक्टर रावेर भागात केळीच्या ट्रॉलीला जुंपलेला असतो. गिअरबॉक्स, क्राऊन (मागच्या चाकांना फिरवणारा मोठा गिअर), लिफ्ट (मागची अवजारं उचलणारी हायड्रॉलिक) आणि ऑईल ब्रेक हे सगळं ज्या लोखंडी खोक्यात, म्हणजे हाउसिंगमध्ये, बसतं, त्यात सगळ्यांना एकच ऑईल, त्यामुळे पाणी सगळीकडे फिरतं.

आधी कारण शोधलं, नाहीतर नवं ऑईलही आठवड्यात दुधाळ होतं. गिअर लिव्हरचं रबरी बूट (बुडाचं आवरण) फाटलेलं होतं. शिवाय मे महिन्यात शेतातून तापून आलेल्या हाउसिंगवर विहिरीच्या पंपाचा गार फवारा मारला, की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून (हवा आत-बाहेर जायच्या छोट्या तोंडातून) पाणी ओढून घेते. बूट बदललं, ब्रीदर साफ केला. आता गाडी तासभर निवल्याशिवाय धुवत नाही.

रात्रभर सपाट जागेवर उभी ठेवली, लिफ्ट खाली सोडून. सकाळी भरायचा प्लग आधी उघडला (तो अडकला आणि ऑईल सांडून बसलात, तर गाडी जागेवरच). मग खालचा प्लग जरासा सैल केला. तळाला बसलेलं सुटं पाणी पहिलं आलं. पुन्हा आवळून गाडी अर्धा तास चालवली, ऑईल गरम झाल्यावर पूर्ण सोडलं. क्राऊन आणि दोन्ही एक्सलखालचे प्लग वेगळे असतात, तेही उघडायचे.

खालच्या प्लगच्या चुंबकावर राखाडी चिखल असणं साधं आहे. बोटाला टोचणारे कण निघाले तर मात्र गिअर किंवा बेअरिंग बघावं लागतं.

ट्रॅक्टरच्या पुस्तकात ४५ लिटर, बाहेर आलं ३८. उरलेलं ७ लिटर, म्हणजे साधारण १५ टक्के, कोपऱ्यांत राहतं. म्हणून एकदा बदलून भागत नाही. डिझेल टाकून धुवायचा सल्ला बरेच देतात. मी तो मानत नाही. डिझेलही तसंच कोपऱ्यांत राहतं, नवं ऑईल पातळ करतं आणि पंपाला वंगण मिळत नाही. त्याच ग्रेडचं यूटीटीओ (गिअर, लिफ्ट आणि ऑईल ब्रेक या सगळ्यांना चालणारं ट्रॅक्टरचं ऑईल) भरलं, दहा तास काम करून पुन्हा सोडलं. दुसऱ्या वेळी जुनं दोन-अडीच टक्केच उरतं. खर्च दुप्पट, पण पंप आणि ब्रेकप्लेटपेक्षा स्वस्त.

जाळीची गाळणी डिझेलने धुऊन, आतून बाहेर हवा मारून सुकवली. कागदी फिल्टर आणि प्लगचे तांब्याचे वायसर दोन्ही वेळा नवे.

ट्रॉली उचलणारा जॅकही याच ऑईलवर चालतो, तो बहुतेक जण विसरतात. त्यातलं दुधाळ ऑईल पहिल्याच उचलीला परत हाउसिंगमध्ये येतं. पाइप काढून, जॅक पूर्ण खाली बसवून तो वेगळा रिकामा केला. भरल्यावर लिफ्ट दहा वेळा, ट्रॉली तीन वेळा उचलली, सगळं खाली आणून डिपस्टिक पाहिली आणि कमी पडलेलं साडेतीन लिटर वरून घातलं.