स्लुटिश्कीतलं घर बघितलं आणि जावळीतलं आमचं आठवलं
जूनमध्ये भाच्याकडं रिगाला, म्हणजे युरोपातल्या लाटव्हिया देशाच्या राजधानीला गेलेलो, तो तिथं इंजिनिअरिंगला आहे. दोन दिवस शहर फिरून झालं आणि मी म्हटलं आता मला एखादं खेडं दाखव बाबा. मग लाटगालेला गेलो, म्हणजे लाटव्हियाचा पूर्वेकडचा भाग, रशिया आणि बेलारूसच्या सीमेला टेकलेला. नुसती तळी, विजेच्या खांबांवर करकोच्यांची मोठ्ठाली घरटी, आणि रात्री दहालाही उजेड!

दौगावपिल्स आणि क्रास्लावाच्या मधे दौगावा नदी मोठमोठी वळणं घेत जाते, तिथंच काठावर स्लुटिश्की हे गाव. सतराव्या शतकात रशियात चर्चचे विधी बदलले, ते ज्यांनी मानलं नाही त्या लोकांना छळ सोसून बाहेर पडावं लागलं, त्यातले बरेच लाटगालेत येऊन राहिले, हे त्यांचंच गाव. घरं लाकडी ओंडक्यांची, खिडक्यांच्या चौकटींवर कोरीव नक्षी. त्यातलं एक घर आतल्या सामानासकट जपून ठेवलंय. मातीची भलीमोठी भट्टी, तिच्यात पाव भाजायचा आणि थंडीत तिच्याच वर झोपायचं. मी बराच वेळ तिथंच उभा होतो, भाचा म्हणाला, मामा, चला की आता.

लाटगालेची काळी मातीची भांडी पण हातात घेऊन बघितली. भट्टीत हवा कोंडून धूर धरला की माती आतपर्यंत काळी होते, वरून ग्लेझचा चकचकीत थर वगैरे काही नाही. हाताला गार आणि जड लागतात. आणि राईचा काळा पाव, आंबूस, घट्ट, एक तुकडा खाल्ला की पोट भरतं, आपल्या नाचणीच्या भाकरीसारखाच.

तिथली पण तरणी पोरं रिगाला नाहीतर परदेशात गेलीत, कितीतरी घरं बंद. हे बघून काळजात कालवलं, कारण आमच्या जावळीत दुसरं काय आहे, निम्मं गाव मुंबईला माथाडीत आणि दारांना कुलपं.

आल्यावर पहिल्याच रविवारी आजोबांचं घर उघडलं. जातं, उखळ, वाळवीनं एका बाजूनं खाल्लेली कणगी, आजीची फुंकणी, सगळं होतं. चुलते भंगारात द्या म्हणत होते, मी देऊ दिलं नाही. आता आई एकेका वस्तूचं सांगते, कुणी आणली, कधी आणली, आणि मी वहीत लिहून घेतोय. अजून माळ्यावरचं बाकी आहे.