शिलिंगांवरून भांडणारे मोर

आई पुण्याहून आलीये. व्हाइट हाऊस बाहेरून दाखवून झालं, वॉशिंग्टनच्या उन्हाने दोघी वैतागलो आणि समोर दिसली म्हणून फ्रीअर गॅलरीत शिरलो. तिकीट नाही हे कळल्यावर आईचा निम्मा थकवा तिथेच गेला.

हा चार्ल्स फ्रीअर म्हणजे डेट्रॉइटचा, रेल्वेचे डबे बनवून पैसा केलेला माणूस, पंचेचाळिशीत धंदा सोडला आणि चीन, जपान, इजिप्त असं फिरत वस्तू गोळा करत सुटला. १९०६ला संग्रह देशाला देऊन टाकला, १९१९ला वारला, म्युझियम उघडलं १९२३ला, म्हणजे बिचाऱ्याने ते पाहिलंच नाही.

बाकी बुद्ध, जपानी पडदे वगैरे भरभर झालं, पण पीकॉक रूममधून आई हलेना. एशियन आर्टच्या म्युझियममध्ये लंडनच्या एका शेठजीची जेवणाची खोली! लेलँड नाव त्याचं. चिनी निळी-पांढरी भांडी ठेवायला केलेली. मालक गावाला गेलेला असताना व्हिसलर नावाच्या चित्रकाराने जरासा हात फिरवायचा सोडून भिंतींचं जुनं भारी चामडं सगळं निळ्या रंगाने झाकलं आणि वर सोनेरी मोर काढले. बिल लावलं २००० गिनींचं, मिळाले १००० पाउंड. गिनीत २१ शिलिंग, पाउंडात २०, म्हणजे निम्मे तर कापलेच वर प्रत्येकी एक शिलिंग पण! मग यानेही भिंतीवर दोन मोर भांडताना काढले, एक चित्रकार, एक शेठ, आणि शेठच्या पायाशी रुपेरी नाणी. जेवायला बसलं की समोर तेच.

फ्रीअरने १९०४ला ही आख्खी खोली विकत घेऊन, सुटी करून, डेट्रॉइटला नेऊन घरात बसवली. मी हे कौतुकाने सांगतेय तर आई म्हणे, "त्यात काय, आपल्या पुण्याच्या केळकर म्युझियमवाल्या केळकरांनी नाही का कोथरूडचा मस्तानी महाल उचलून म्युझियममध्ये लावला?" खरंच की! आणि त्यांनीही शेवटी, १९७५ला, संग्रह सरकारलाच दिला. फक्त केळकरांकडे रेल्वेचे डबे नव्हते.

"इतकी भांडी रोज पुसतं कोण गं?" आईचा पुढचा प्रश्न. आणि मग मान पुढे काढून ती मोराच्या पायाखालची नाणी मोजायला लागली, तसा गार्ड दोन पावलं पुढे आला.